सहा कानझू आणि एक आत्या

माणसाच्या चेहऱ्याकडे नुसतं बघून त्याचं काय बिनसलंय ते मी सांगू शकतो. ही बढाई नाही, माझा धंदाच आहे! कंपालातल्या एका झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत मी 'कर्मचारी-सौख्य प्रमुख' आहे. हसू नका. दारावर तशी पाटी आहे. पाटीमागे पूर्वी माझी खोली होती, आता तिथे कांद्याची पोती असतात. पण पाटी अजून शाबूत आहे.

आमची कंपनी बाजारातले कांदे, टोमॅटो, केळ्यांचे घड मोटारसायकलवरून घरोघर पोचवते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका गॅरेजात मूठभर माणसं होतो. आता दीडशेच्या वर आहोत आणि रोज सकाळी कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या खुर्चीत बसलेला सापडतो. कोण हो तुम्ही म्हणून विचारावं, तर तो म्हणतो, मी नवीन, तुम्ही कोण?

मी अराली. आडनाव टिंकासिमिरे, पण आम्हा तोरोच्या लोकांना लाडाच्या नावानेच हाक मारायची सवय. गाव माझं पश्चिमेला, फोर्ट पोर्टलकडे. कंपालात येऊन मला इतकी वर्षं झाली की इथल्या लोकांचं मला सगळं कळतं, असा माझा समज होता. तो समज कसा धुळीला मिळाला, तेच तुम्हाला सांगायला बसलोय.

कंपनीचा मालक रॉडनी मुसिसी. सडपातळ माणूस, दोन हातांत दोन फोन. झोप हा इतर कंपन्यांत होणारा आजार आहे, असं त्याचं प्रामाणिक मत. कर्मचारी सुखी असले पाहिजेत असं त्याने कुठेतरी वाचलं आणि मला नेमलं. मी जोरात सुरुवात केली. आधी दुपारच्या डुलकीची खोली काढली, तीच ही कांद्याची. मग हास्याचा तास सुरू केला. पहिल्याच दिवशी मासाका रस्त्यावर आमचा केळ्यांचा ट्रक उलटला आणि हसायला कोणी उरलं नाही. मी एकटाच तासभर हसत बसलो, कारण वेळापत्रकात तसं होतं.

आता डॉर्कसविषयी. डॉर्कस नामुसोके नावाची ही मुलगी म्हणजे आमच्या कंपनीचा कणा. कुठली ऑर्डर कुठल्या मोटारसायकलवर चढायची, हे ठरवणारं संगणकातलं सगळं यंत्र तिनेच लिहिलेलं, आणि ते अडकलं की सोडवणारीही तीच. कंपनी वाढली तसं ते यंत्र वरचेवर अडकायला लागलं. अडकलं की रॉडनी डॉर्कसला फोन करायचा. सकाळी करायचा, जेवताना करायचा, रविवारी ती चर्चमध्ये असताना करायचा, आणि रात्री तर करायचाच करायचा. पोरगी आधी बडबडी होती, मग गप्प झाली, मग एक दिवस मीटिंगमध्ये चपाती-ऑम्लेट खाता खाता तशीच झोपली. चपाती हातात, मान टेबलावर! रॉडनी तिच्याशी बोलतच राहिला. ती ऐकतेय असं त्याला वाटलं.

त्यानंतर तिने सुट्टी टाकली, फोन बंद केला आणि म्पिगी गावी आपल्या आत्याकडे निघून गेली. आणि मागोमाग बातमी आली की नैरोबीच्या एका कंपनीने तिला बोलावलंय आणि सोमवारपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचंय.

रॉडनीने मला बोलावून घेतलं. एरवी तो दोन फोनांच्या मधल्या फटीतून बोलतो, त्या दिवशी दोन्ही फोन खाली ठेवले. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"अराली, डॉर्कस गेली तर कंपनी महिनाभर टिकणार नाही," तो म्हणाला. "आणि तू तर त्याच संध्याकाळी जाशील."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की काळजी सोड, हे काम माझ्यावर टाक. आमच्या तोरोत माणूस रुसलं, थकलं, आजारी पडलं, तर आपण उठून त्याच्या घरी जातो. चार मोठी माणसं बरोबर घेतो, टोपलीत काहीबाही नेतो, त्याच्या अंगणात बसतो, जेवतो. माणसाला वाटतं, आपण कुणीतरी आहोत. नैरोबीवाले पगार वाढवतील, पण ते काय टोपली घेऊन म्पिगीला येणार आहेत? रॉडनीला ते पटलं. खरं तर त्याला फोन आला होता आणि त्याने मान हलवली, त्यावरून पटलं असं मी धरलं.

तिच्या कागदांवर अडीअडचणीला कळवायचं म्हणून आत्याचा नंबर होता. आईबाप लहानपणी गेलेले, वाढवली ती आत्यानेच. इथल्या बागंडा लोकांत आत्याला सेंगा म्हणतात, आणि सेंगा म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. पोरीच्या बाबतीत तिचा शब्द बापाच्याही वरचा. मी अदबीने फोन लावला.

आत्याबाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही रॉडनीकडचे का? मी चकित झालो. म्हटलं, हो, रॉडनीकडचेच. यावर पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. मग बाई म्हणाल्या, एकदाची अक्कल आली म्हणायची त्याला. मी म्हटलं, आली बाई, उशिरा का होईना आली, आणि शनिवारी तो स्वतः आम्हाला घेऊन तुमच्याकडे येऊ म्हणतो. किती माणसं, त्यांनी विचारलं. सहा. पुरुषच ना? पुरुषच. मग त्यांनी रॉडनीचं वय विचारलं, तो दारू पितो का ते विचारलं, आधीचं लग्नबिग्न झालंय का तेही विचारलं. मला बाईंचं कौतुक वाटलं. आपली पोरगी कसल्या माणसाच्या हाताखाली काम करते, याची इतकी चौकशी आजकाल करतं कोण! शेवटी त्यांनी बजावलं की येताना सगळ्यांनी नीट कानझू घालून या, शर्ट-पँटीत येऊ नका. आणि डॉर्कसला मी काही सांगत नाही, ती सध्या नुसती झोपून असते, तिला आयत्या वेळी उठवीन.

कानझू म्हणजे पायघोळ पांढरा झगा, वरून कोट. समारंभाला घालतात. आता तुम्ही म्हणाल, अराली, तेव्हा तरी तुझ्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता! अहो, बागंडांच्या मुलीला मागणी घालायच्या समारंभांना मी पन्नास वेळा जेवलोय. पण तिथे मांडव असतो, लाउडस्पीकर असतो, दोनशे माणसं असतात. त्या मोठ्या समारंभाच्या आधी मुलाकडचे पाचसहा जण गुपचूप मुलीच्या आत्याकडे जाऊन येतात, हे मला कुठून ठाऊक असणार? त्या छोट्या भेटीला मला आजवर कुणी जेवायला बोलावलंच नव्हतं.

शनिवारी आम्ही व्हॅनमध्ये बसलो. रॉडनी, मी, मोटारसायकलवाल्यांचा प्रमुख ओमारा आणि फुकट जेवणाचा वास लागलेले त्याचे तीन गडी. सगळे पांढरेशुभ्र. रॉडनीने चुलतभावाचा कानझू आणला होता, तो पोटऱ्यांपर्यंतच येत होता. ओमारा लांगोकडचा, उत्तरेचा. त्याच्या काखेत एक जिवंत कोंबडा होता. मी विचारलं, हा कशाला? तो म्हणाला, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये असं माझी आई सांगते. मला ते फार आवडलं.

टोपल्यांत साखर, साबण, चहा, अननस होते. पण मला काहीतरी खास हवं होतं. नोव्हेंबर चालू होता, नाकतोड्यांचा ऐन हंगाम. रस्त्याच्या कडेला बायका कांदा घालून कुरकुरीत तळलेले नाकतोडे विकत होत्या. हंगामाची पहिली खेप म्हणजे सोन्याचा भाव! मी व्हॅन थांबवून चांगली बादलीभर घेतली. मी तर असंही ठरवून टाकलं की आत्याबाईंनी झाकण उघडलं की सगळे वाद तिथेच मिटतील. व्हॅनमध्ये घमघमाट सुटला. पाचही जणांनी मूठमूठ उचलली. रॉडनी फोनवर होता. मी बादली पुढे केली तर त्याने तोंड वाकडं करून काच खाली केली आणि फोनवर बोलतच राहिला. म्हटलं, पोट बिघडलं असेल बिचाऱ्याचं. चौकशी करायचा मोह झाला, पण त्याचा फोन संपेना.

आत्याबाईंचं अंगण बघून मी हरखलो. झाडून लख्ख केलेलं. एका बाजूला सहा खुर्च्या आमच्यासाठी आणि समोर शेजारपाजारची वीसपंचवीस माणसं, बायका ठेवणीतल्या गोमेशी, म्हणजे पायघोळ समारंभी झगे, नेसून चटईवर. केळीच्या पानात शिजवलेल्या कोंबडीचा वास सुटला होता. आम्ही आत शिरताच बायकांनी गुडघे टेकून आमची विचारपूस केली. ओमारा माझ्या कानात म्हणाला की ऑफिसच्या माणसांना एवढा मान मी कधी पाहिला नाही. मी म्हटलं, बघ, यालाच सौख्य म्हणतात.

तेवढ्यात डॉर्कसचा भाऊ आला. बसचालक, दाराएवढा रुंद. त्याची नजर ओमाराच्या काखेतल्या कोंबड्याकडे गेली आणि त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही हातांनी कोंबडा घेतला, ओमाराला मिठी मारली आणि म्हणाला, मला वाटलं होतं तुम्ही हे विसराल. ओमारा मला म्हणाला, कोंबड्याची फारच आवड दिसते.

समोरच्या बाजूने एक म्हातारबाबा उठले. वास्वा जज्जा, म्हणजे वास्वा आजोबा, त्यांच्याकडचे बोलणारे. हातात काठी, डोळ्यांत मिश्किली. त्यांनी विचारलं की मंडळी, वाट चुकलात की गाडीतलं पेट्रोल संपलं? मी आमच्याकडून उठलो. असल्या बोलण्यात आम्ही तोरोवाले मागे राहत नाही. मी म्हटलं, आजोबा, वाट अगदी बरोबर सापडली, आमचं एक रत्न तुमच्या घरात येऊन बसलंय, ते परत घेऊन जायला आलोय. सगळे खूश झाले. आजोबा म्हणाले, रत्न आमचंच आहे, तुम्ही ते नुसतं पाहिलंत. मी म्हटलं, पाहिलं, पण तेव्हापासून आमच्या या रॉडनीला दुसरं काही दिसत नाही, विचारा त्याला. रॉडनी दोन खुर्च्या पलीकडे झग्याच्या बाहीत तोंड लपवून फोनवर हळू आवाजात बोलत होता. बायका एकमेकींना कोपर मारून म्हणाल्या, लाजतोय.

मग आत्याबाई आल्या. उंच, ताठ, भारदस्त. आणि त्यांच्या मागून डॉर्कस. अंगावर चकचकीत गोमेशी, डोळे झोपेने सुजलेले, एका गालावर उशीची वळी. तिने आम्हाला पाहिलं. पोटऱ्या दाखवणाऱ्या कानझूतल्या रॉडनीला पाहिलं. तिचा जबडा खाली आला तो आलाच.

आत्याबाईंनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "डॉर्कस, या माणसांना तू ओळखतेस?"

"ओळखते, पण..."

पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. 'ओळखते' म्हटल्याबरोबर बायकांनी जी ललकारी ठोकली, ती कंपालापर्यंत गेली असेल! ही ललकारी मी पन्नास वेळा ऐकली होती. मागणीच्या समारंभात मुलगी पाहुण्यांना 'ओळखते' म्हणते, तेव्हाच ही ललकारी उठते. खुर्च्या, कानझू, मागणीच्या वेळी मुलीच्या भावाला द्यायचा मानाचा कोंबडा, आत्या, 'त्याचं लग्नबिग्न झालंय का', सगळं एका झटक्यात जागेवर येऊन बसलं. आम्ही आमच्या मालकासाठी मुलगी मागायला आलो होतो, आणि ही गोष्ट मालक, मुलगी आणि मी सोडून सगळ्या म्पिगीला ठाऊक होतं.

रॉडनीने एकदाचा फोन कानापासून काढला आणि विचारलं, अराली, ही माणसं ओरडतायत कशाला? मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा चेहरा त्याच्या झग्यापेक्षा पांढरा झाला. तो म्हणाला, मग सांगून टाक ना त्यांना! सांगून टाक म्हणे! कोंबड्या कापलेल्या, शेजारी जमलेले, भाऊ कोंबडा कुरवाळत बसलेला. अशा वेळी मी उठून काय सांगू, की नको आम्हाला तुमची मुलगी? भर अंगणात त्या पोरीचं हसं झालं असतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला नोकरीची नाही, डॉर्कसची काळजी वाटली. आधीच आम्ही तिची झोप खाल्ली होती, आता अब्रूही खायला निघालो होतो. आणि मग सोमवारी तिने नैरोबीला हो म्हटलं, तर तिला दोष कोण देणार?

मी काहीतरी बोलायचं म्हणून टोपल्या पुढे केल्या. वेळ काढू, जेवण होऊ दे, मग आत्याबाईंना बाजूला घेऊन पाय धरू, असा माझा बेत. साखर पाहून बायका खूश झाल्या. साबण पाहून खूश झाल्या. मग आत्याबाईंनी बादलीचं झाकण उघडलं.

झाकण हातात तसंच धरून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"हे काय आहे?" आत्याबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, नाकतोडे, ताजे, हंगामातले पहिले.

वास्वा जज्जांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले की वा, आमचे भाऊबंद आणलेत की, तेही कांदा घालून तळून.

नाकतोडे हे त्यांच्या कुळाचं देवक! बागंडांत प्रत्येक कुळाचं असं एक असतं, कुणाचं माकड, कुणाचा मासा, कुणाची अळंबी. आपल्या कुळाचं जे असेल ते तोंडाला लावायचं नाही आणि आपल्याच कुळात लग्न करायचं नाही. माणूस कुठल्या कुळाचा हे पुष्कळदा नावावरूनच कळतं, पण नामुसोके, मुसिसी ही नावं सगळ्याच कुळांत चालतात. त्यावरून काही म्हणता काही कळत नाही. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. ती काही दुभंगली नाही.

तेवढ्यात रॉडनी ताडकन उठला. एवढा वेळ गप्प बसलेला माणूस, पण खापर दुसऱ्यावर फोडायची संधी आली की मालकाला वाचा फुटतेच. तो म्हणाला, "मी गाडीतच तोंड फिरवलं होतं! माझं स्वतःचंच कूळ नाकतोड्याचं आहे, मी याला हात लावत नाही. सगळा या अरालीचा गाढवपणा आहे."

आत्याबाईंच्या हातून झाकण खाली पडलं.

"तुमचं कूळ कुठलं म्हणालात?"

फोनवर एवढी चौकशी करून नेमकं हेच विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. रॉडनीने परत सांगितलं. मग त्याच्या बापाचं नाव विचारलं गेलं, आजोबांचं विचारलं गेलं, कुळाची कुठली शाखा, कुठल्या टेकडीवर आपली माणसं पुरतात, सगळं विचारलं गेलं. वास्वा जज्जा डोळे मिटून बोटांवर पिढ्या मोजत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि जाहीर केलं की हा मुलगा डॉर्कसचा नवरा होऊ शकत नाही, हा तिचा भाऊ लागतो. लांबचा नाही, चांगला जवळचा.

चटईवरच्या बायकांनी कपाळाला हात लावले. एकीने रडायला सुरुवातही केली. भाऊ कोंबड्याकडे बघून म्हणाला, मग हा परत द्यायचा का? मला मात्र आनंदाने उडी मारावीशी वाटली. सुटलो! मागणी मोडली, आणि नकार कुणीच दिला नाही. डॉर्कसची अब्रू वाचली, रॉडनीची कातडी वाचली. आता निमूट जेवायचं आणि निघायचं.

पण आत्याबाई निघू देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या रॉडनीसमोर येऊन उभ्या राहिल्या. आतापर्यंत त्या त्याला 'तुम्ही' म्हणत होत्या, होणारा जावई म्हणून. आता तो भाच्यांत जमा झाला.

"ऊठ त्या खुर्चीवरून. खाली बस. आपल्या आत्यासमोर खुर्चीत बसतोस?"

कंपनीचे संस्थापक चटईवर बसले.

"म्हणजे बहिणीला रात्री-बेरात्री फोन करणारा रॉडनी तो तूच?"

रॉडनी म्हणाला, हो.

"सणासुदीला आली तरी फोन. जेवायला बसली की फोन. ही बाहेर अंगणात जाऊन तासन्‌तास बोलायची, 'हो रॉडनी, करते रॉडनी, काळजी करू नकोस रॉडनी.' काय बोलायचास तू तिच्याशी इतकं?"

"केळ्यांविषयी," तो म्हणाला.

"कशाविषयी?"

"ऑर्डरी अडकायच्या, आत्या. केळ्यांच्या. कधी कांद्यांच्या."

आत्याबाई सगळ्या अंगणाकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं, पोरीचं कुणावर तरी मन बसलंय. रात्री दोनदोनदा फोन करतो म्हणजे जीव लावणाराच असणार. या वेळी डोळे सुजवून आली, फोन बंद करून पडून राहिली, तेव्हा वाटलं, भांडण झालं असेल. मी रोज प्रार्थना करत होते की त्याने माणसं घेऊन यावं. आणि हा केळ्यांविषयी बोलत होता!"

पहिल्यांदा वास्वा जज्जा हसले. मग बायका हसल्या, मग तो भाऊ, आणि मग डॉर्कस. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ती पोट धरून हसली आणि हसता हसता रडायला लागली. तशीच आत्याच्या पायाशी बसली.

"आत्या, मला काही नको गं. नैरोबी नको, पगार नको. काम मला आवडतं. मला फक्त रात्री झोपायचंय."

एवढंच मागणं होतं बघा! आणि मी हास्याचे तास काढत बसलो होतो. मी कानझूच्या बाहीने डोळे पुसले. नाकतोड्यांतला कांदा झोंबला असेल असं मी ओमाराला सांगितलं.

आत्याबाईंनी निकाल दिला. बहिणीला दिवसा फोन करायला भावाला कुणाची ना नाही. पण सूर्य मावळल्यावर करायचा असेल, तर आधी आत्याला फोन करायचा, काम काय आहे ते सांगायचं, आणि आत्याला पटलं तरच पोरीला उठवलं जाईल. रॉडनी कळवळून म्हणाला, पण आत्या, रात्री यंत्र बंद पडलं तर लोकांनी करायचं काय? वास्वा जज्जांनी त्याच्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

"झोपतील, बाळा," ते म्हणाले. "रात्री लोक तेच करतात."

कुळातल्या वडीलधाऱ्यांसमोर रॉडनीने शब्द दिला. आता कुळासमोर दिलेला शब्द म्हणजे काही नोकरीचा करार नव्हे, तो पाळावाच लागतो! मग जेवणं झाली. केळीच्या पानातली कोंबडी, शेंगदाण्याची आमटी, शिजवलेल्या कच्च्या केळ्यांचं मऊ मऊ मटोके. आत्याबाईंनी भाच्याचे दोन्ही फोन काढून आपल्या ओच्यात टाकले आणि त्याला तीनदा वाढलं. वाढता वाढता त्या काहीतरी सांगत होत्या, तर तो चटईवर कलंडून घोरायला लागला. मी त्याला घोरताना पहिल्यांदाच पाहिलं. डॉर्कसने त्याच्या अंगावर चादर टाकली. नाकतोड्यांची बादली आम्ही कुंपणाबाहेर नेऊन खाल्ली. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

रविवारी डॉर्कसने नैरोबीला नाही म्हणून कळवलं. माझी नोकरी वाचली. सोमवारी मी कंपनीत शिरलो तो विजयी वीरासारखा. म्हटलं, आता बहुधा कांदे हलवतील.

रॉडनी बदलला होता, हे खरं. त्याने सगळ्यांना गोळा करून नवा नियम जाहीर केला. आत्याच्या परवानगीशिवाय सूर्य मावळल्यावर कुणालाही फोन केला जाणार नाही. ज्याने त्याने आपापल्या आत्याचा नंबर द्यावा. दुपारपर्यंत दीडशे आत्यांचे नंबर जमा झाले! ओमाराने तर तीन दिले, एक उचलत नसली तर दुसरी असावी म्हणून. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. माझ्याकडे बघून म्हणत होते, अराली, सौख्य म्हणजे हे.

संध्याकाळी रॉडनी माझ्याकडे आला. म्हणाला, रात्रीच्या फोनांचं बघायला कुणीतरी हवंच, सगळ्यांच्या आत्या तपासल्या, एकट्या तुझ्याच आत्याचा नंबर नाही.

नसणारच. माझ्या वडिलांना पाच भाऊ. बहीण एकही नाही.

गेले तीन आठवडे रात्री यंत्र अडकलं की फोन मला येतो. मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसतं 'हो रॉडनी, काळजी करू नकोस रॉडनी' म्हणत उजाडेपर्यंत बसतो आणि मग डॉर्कस ताजीतवानी येऊन दहा मिनिटांत ते दुरुस्त करते. परवा ती माझ्याकडे बघून म्हणाली, अराली, तुझे डोळे फार सुजलेत, जरा सुट्टी घे ना.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाची आत्या मोकळी असेल, थोडी कडक असेल आणि मला भाचा मानून घ्यायला तयार असेल, तर कृपा करून कळवा. फक्त दिवसा कळवा. रात्री माझा फोन लागत नाही, त्यावर रॉडनी असतो.